ठोक्याला आलेले उत्तर

सोनगीर हे आग्रा रोडवरचे गाव. धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर किल्ल्याची टेकडी दिसू लागते आणि गाव आले हे कळते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ते खानदेशात ओळखले जाते. माझ्या लहानपणी घरातल्या जुन्या बायका हंडा किंवा कळशी विकत घेताना आधी कडेला धरून उचलत आणि बोटाच्या पेराने ठोका देत. धड भांडे लांबवर घुमते, चिरलेले असेल तर आवाज बद्द येतो. आत डोकावून जी चीर डोळ्यांना दिसत नाही ती कानाला कळते. मातीचे मडकेसुद्धा आपण असेच वाजवून घेतो.

पुढे भूभौतिकी शिकलो आणि शिकवली, तेव्हा लक्षात आले की आमच्या शास्त्राची निम्मी गोष्ट या ठोक्यात आहे. जमिनीला ठोका द्यायचा, आलेले उत्तर टिपायचे आणि त्यावरून आत काय आहे, कुठे चीर आहे, कुठे पोकळ किंवा मऊ आहे हे ओळखायचे. या पद्धतीने आमच्या खानदेशाखालचे चाळीस किलोमीटर एकदा तपासून झाले आहेत. पण ज्या वरच्या तीस मीटरांवर आपली घरे उभी आहेत, त्यांचे काय, हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत घरातूनच विचारला गेला. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे.

विसरलेला भूकंप

महाराष्ट्रात भूकंप म्हटले की दोन नावे ओठावर येतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी. तिसरे नाव कुणी घेत नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात, सेंधव्याच्या परिसरात ६.३ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. मोजमापाच्या दृष्टीने तो कोयना आणि किल्लारीच्या तोडीचा. सोनगीरपासून त्याचे केंद्र उत्तरेला सुमारे साठ किलोमीटरवर येते.

माझी आजी तेव्हा नवी सून होती. ती सांगायची, मांडणीवरची भांडी आपोआप वाजू लागली, आणि सासूबाई ओरडल्या की मांजर शिरले वाटते. मग कळले की मांजर सगळ्या गल्लीत एकदमच शिरले आहे. एवढीच आठवण. तिच्या सांगण्यात घर पडल्याचे नव्हते, माणूस गेल्याचे नव्हते. म्हणून हा भूकंप लोकांच्या आठवणीतून गेला.

त्याने एवढे कमी नुकसान का केले, याचे मोठे कारण त्याच्या खोलीत आहे. तो जमिनीखाली सुमारे चाळीस किलोमीटरवर झाला. किल्लारीचा भूकंप दहा किलोमीटरच्या आत झाला होता. जवळपास तेवढीच ऊर्जा, पण एक तळघरात झालेला स्फोट आणि एक उंबऱ्यात झालेला. खोलवरच्या भूकंपाचा हादरा दूरवर जाणवतो, पण वर येईपर्यंत पसरलेला आणि मंदावलेला असतो. खानदेशात तेव्हा धाब्याची घरे होती. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचे जड धाबे. किल्लारीत अशाच जड छपरांनी आणि दगडमातीच्या भिंतींनी झोपेतली हजारो माणसे मारली. आपल्याकडे १९३८ मध्ये तसे झाले नाही याचे श्रेय घरांना देता येत नाही. ते त्या चाळीस किलोमीटरला आहे.

जमीन कशी वाजवतात

ठोका दिला की जमिनीतून मुख्यतः तीन प्रकारच्या लहरी निघतात. पहिल्या प्राथमिक लहरी. रेल्वेच्या डब्यांना इंजिनाने धक्का दिला की तो डब्याडब्यातून पुढे जातो, तशा या दाबत-सोडत पुढे जातात आणि सर्वांत आधी पोहोचतात. दुसऱ्या दुय्यम लहरी. दोरीचे एक टोक झटकले की नागमोड पुढे सरकते तशा त्या आडव्या हलतात, आणि इमारतींना मुख्यतः त्याच हलवतात. तिसऱ्या पृष्ठलहरी, ज्या जमिनीच्या वरच्या भागातूनच पसरतात.

या लहरींचा वेग खडकावर ठरतो. ओल्या मऊ गाळात दुय्यम लहर सेकंदाला दीडशे-दोनशे मीटर जाते, तर न झिजलेल्या काळ्या पाषाणात दोन हजार मीटरहून जास्त. प्राथमिक लहर त्याच काळ्या पाषाणात सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर धावते आणि भूकवचाच्या खालच्या प्रावरणात आठ किलोमीटर. म्हणजे लहर किती वेळात पोहोचली हे मोजले, की ती कशातून आली याचा अंदाज येतो.

यातली एक युक्ती महामार्गावरच्या माणसाला लगेच कळेल. एका माणसाने गावातल्या बोळांतून सरळ जायचे ठरवले आणि दुसऱ्याने थोडा वळसा घेऊन चौपदरी रस्ता धरला. अंतर थोडे असेल तर बोळातला आधी पोहोचतो. अंतर वाढले की वळसा घेऊनही महामार्गावरचा त्याला मागे टाकतो. लहरींचेही तसेच. ठोक्याच्या जवळच्या यंत्राला वरच्या मऊ थरातून आलेली लहर आधी मिळते, दूरच्या यंत्राला खालच्या वेगवान खडकातून वळसा घेऊन आलेली. हा बदल नेमका किती अंतरावर होतो ते पाहिले की खडक किती खोल आहे ते काढता येते.

लहर टिपणाऱ्या यंत्राला जिओफोन म्हणतात. खाली खिळा असलेली मुठीएवढी डबी, आत स्प्रिंगला टांगलेले तारेचे वेटोळे आणि चुंबक. जमीन हलली की चुंबक तिच्याबरोबर हलते, वेटोळे मागे राहते आणि तारेत बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. अशा डब्या ओळीने रोवायच्या, केबलने जोडायच्या आणि ठोका द्यायचा. ठोका म्हणजे चाळीस किलोमीटर खोल पाहायचे असेल तर विहिरीसारख्या छिद्रांत उडवलेले सुरुंग, आणि तीस मीटर पाहायचे असेल तर लोखंडी पत्र्यावर मारलेला घण.

आग्रा रोडखालचे चाळीस किलोमीटर

हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था १९६१ मध्ये सुरू झाली. सोव्हिएत तज्ज्ञांच्या सहकार्याने तिने १९७२ पासून भारतात खोल भूकंपीय सर्वेक्षणे हाती घेतली. पहिली रेषा दक्षिणेत कावली ते उडुपी अशी होती. कोयनेच्या भूकंपानंतर महाराष्ट्रात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषा तपासल्या गेल्या. त्यानंतर नर्मदा-तापीच्या पट्ट्याची पाळी आली. के. एल. कैला यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने या पट्ट्याला आडव्या छेदणाऱ्या अनेक रेषा घेतल्या. त्यातली एक मध्य प्रदेशातील थुआदरापासून सेंधव्यावरून जळगाव जिल्ह्यातील सिंदाडपर्यंत आली. म्हणजे १९३८ च्या केंद्राजवळून निघून सातपुडा उतरून, तापी ओलांडून ती आपल्या अंगणात पोहोचली.

वरवर पाहता या प्रवासात काय दिसते ते सोनगीरहून सेंधव्याला जाताना कुणीही पाहू शकतो. सोनगीरभोवती काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि काळी माती. नरडाण्यापुढे जमीन उतरत जाते, सावळद्याच्या पुलावर तापी लागते, शिरपूरच्या बाजूला नदीने आणलेला जाड गाळ. मग बिजासनी घाट सुरू होतो आणि सातपुडा उभा राहतो. सगळीकडे खडक एकच वाटतो, दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. याखालीही असाच खडक असणार, असे वाटणे साहजिक आहे.

सर्वेक्षणात मात्र एक विचित्र गोष्ट आढळली. बेसॉल्टमधून आलेली लहर काही अंतरापर्यंत ठळक दिसली आणि मग विरून गेली. त्यापुढे खालच्या तळखडकातून आलेली लहर दिसली, पण अपेक्षेपेक्षा उशिरा. या उशिराचा अर्थ असा, की मध्ये कुठेतरी लहरीला मंद थरातून जावे लागले. वेगवान बेसॉल्टच्या खाली मंद थर म्हणजे गाळाचे खडक. लाव्हा येण्याच्या आधी इथे एक खोरे होते, त्यात वाळू आणि चिखल साचत होता, आणि लाव्ह्याने ते सगळे झाकून टाकले. नर्मदा-तापीखालच्या या दडलेल्या खोऱ्याविषयी कैला यांनी १९८८ मध्ये सविस्तर लिहिले. किल्लारीला खोदलेल्या विवरात बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला. कोयनेच्या परिसरातल्या पहिल्या खोल विवरात तो सुमारे ९३० मीटरवर संपला आणि खाली थेट ग्रॅनाइटच्या कुळातला तळखडक लागला. आपल्या पट्ट्यातला पोटातला हा जाड गाळ म्हणूनच वेगळा.

त्याचा अर्थ एवढाच, की ही जमीन फार जुन्या काळापासून खचणारी, ताणली जाणारी आणि फुटणारी आहे. याचा पुरावा पृष्ठभागावरही आहे. नंदुरबार-धुळे भागात शेतांतून उठलेल्या लांबच लांब दगडी सोंडा दिसतात. त्या म्हणजे भेगांतून वर येता येता आतच थिजलेला लाव्हा, भूशास्त्रात त्याला डाइक म्हणतात. संशोधकांनी अशा दोनशेहून अधिक डाइक मोजल्या आहेत, आणि साक्री-धुळे-पारोळा अशी जाणारी एक तब्बल ७९ किलोमीटर लांब आहे. बहुतेक सगळ्या पूर्व-पश्चिम, तापीच्याच दिशेने. जमीन त्या काळी उत्तर-दक्षिण ताणली गेली आणि पूर्व-पश्चिम फाटली, याची ही वळे.

भूकवचाची जाडी या पट्ट्यात साधारण चाळीस किलोमीटर निघाली. आता १९३८ कडे परत या. तो भूकंप जवळजवळ कवचाच्या बुडाशी झाला होता. खंडाच्या आतले बहुतेक भूकंप वरच्या पंधरा-वीस किलोमीटरांतच होतात, कारण त्याखाली खडक गरम होऊन तुटण्याऐवजी वाकू लागतो. इथे मात्र बुडाचा खडकही तुटतो. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप याच नर्मदेच्या पट्ट्यात झाला आणि तोही पस्तीस किलोमीटरहून खोल होता. कवचाच्या तळाशी शिरलेला जड, कणखर खडक हे त्याचे कारण मानले जाते.

थोडक्यात, एका पिढीने सुरुंग लावून आपल्याला सांगितले आहे की पायाखाली फाटलेली, जिवंत जमीन आहे. भारतीय मानक संस्थेच्या नकाशात खानदेश तिसऱ्या झोनमध्ये आहे तो उगाच नाही.

वरचे तीस मीटर

एवढे कळले तरी घर बांधणाऱ्या माणसाला त्याचा थेट उपयोग नसतो. भूकंप कुठून येईल हे खोलवरच्या चित्रातून कळते. माझ्या घराला तो किती हलवेल, हे पुष्कळसे पायाखालचे पहिले तीस मीटर ठरवतात.

२६ जानेवारी २००१ ला भूजजवळ भूकंप झाला. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून दूर. तरीही त्या शहरात अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे गेली. त्याच रस्त्यावरच्या कित्येक इमारतींना मात्र काही झाले नाही. तपासात दोन कारणे पुन्हापुन्हा समोर आली. साबरमतीच्या गाळाने हादरा वाढवला, आणि पडलेल्यांपैकी पुष्कळ इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता.

गाळ हादरा कसा वाढवतो? वेगाने येणारी लहर मऊ थरात शिरली की तिचा वेग घटतो. ऊर्जा तीच, वेग कमी, म्हणून हलण्याचा पल्ला वाढतो. शिवाय प्रत्येक थराचा स्वतःचा एक ठेका असतो. झोक्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत राहिले तरी तो उंच जातो, लयीबाहेर कितीही ढकलले तरी जात नाही. थराची जाडी चारने गुणायची आणि दुय्यम लहरीच्या वेगाने भागायचे, की त्या थराचा ठेका सेकंदांत मिळतो. हिशेबासाठी तीस मीटर गाळ आणि वेग २४० मीटर धरू. उत्तर येते अर्धा सेकंद. इमारतीच्या ठेक्याचा ढोबळ नियम असा, की मजल्यांच्या संख्येला दहाने भागावे. म्हणजे पाच मजली इमारतीचा ठेका अर्धा सेकंद. जमीन आणि इमारत एकाच लयीत हलू लागतात. आता पाच मीटर माती आणि खाली काळा पाषाण असे धरू, वेग २०० मीटर. ठेका येतो एक दशांश सेकंद, म्हणजे एकमजली घराचा. एकाच भूकंपात एका वस्तीत उंच इमारतींना जास्त धोका आणि दुसऱ्या वस्तीत बैठ्या घरांना, हे असे घडते.

बांधकामाची संहिताही हे मान्य करते. १८९३ क्रमांकाच्या भारतीय मानकात जमिनीचे कठीण, मध्यम आणि मऊ असे तीन प्रकार आहेत. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार एक सेकंद ठेका असलेल्या इमारतीसाठी मऊ जमिनीवर कठीण खडकापेक्षा १.६७ पट भूकंपबल धरावे लागते. नियम आहे, पण तो लावायला आपली जमीन कोणत्या प्रकारात बसते हे आधी माहीत हवे.

इथे घण उपयोगी पडतो. १९९९ च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेत पृष्ठलहरींवर आधारलेली एक सोपी पद्धत विकसित झाली आणि ती जगभर पसरली. एक-दोन मीटरच्या अंतराने चोवीस जिओफोन ओळीने रोवतात. एका टोकाला पत्रा ठेवून त्यावर घण मारतात. पृष्ठलहरींचा एक गुण असा, की आखूड लहर फक्त वरच्या थरातून जाते आणि लांब लहर खोलवरचा खडक चाचपत जाते. दोन्हींचे वेग वेगवेगळे काढले, की वरून खालपर्यंत कोणत्या खोलीला किती कडकपणा आहे याचा आलेख मिळतो. वरच्या तीस मीटरांतला दुय्यम लहरींचा सरासरी वेग हा त्या जागेचा दाखला समजतात. तो सेकंदाला ७६० मीटरहून जास्त असेल तर खडक, ३६० ते ७६० मध्ये घट्ट जमीन किंवा मऊ खडक, १८० ते ३६० मध्ये साधी माती, आणि १८० च्या खाली असेल तर सावध व्हावे.

हे काम मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याच्या साधेपणाचेच आश्चर्य वाटले होते. चार माणसे, एक घण, एक लॅपटॉप आणि मोकळ्या मैदानाचा पन्नास-साठ मीटरचा पट्टा. एका जागेचे काम अर्ध्या दिवसात उरकले.

गोंगाटाचा उपयोग

शहरात याला मोठी अडचण गर्दीची. मैदान मिळत नाही आणि ट्रक, रिक्षा, बोअरवेलची गाडी यांच्या थरथरीत घणाचा ठोका हरवतो. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी ही अडचणच कामाला लावली. रस्त्यावरचा गोंगाट म्हणजेसुद्धा जमिनीला दिलेले ठोके. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेतील युताका नाकामुरा यांनी १९८९ मध्ये अशी पद्धत मांडली, की एकच यंत्र जमिनीवर अर्धा-पाऊण तास ठेवावे, जमिनीची आडवी आणि उभी थरथर वेगवेगळी मोजावी आणि एकीला दुसरीने भागावे. ज्या ठेक्याला हे गुणोत्तर उंचावते तो त्या जमिनीचा ठेका. ठोका द्यायचीही गरज नाही.

कॅलिफोर्नियातील लाँग बीच या शहराचे उदाहरण बोलके आहे. तिथे २०११ मध्ये खनिज तेलाच्या शोधासाठी पाच हजारांहून अधिक यंत्रे रस्त्यांकडेला आणि अंगणांत ठेवली होती. तेलवाल्यांना गोंगाट नको होता. विद्यापीठातल्या संशोधकांनी तोच गोंगाट मागून घेतला आणि त्यावरून शहराखालून जाणाऱ्या प्रस्तरभंगाचे चित्र काढले.

या चित्रांविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हे छायाचित्र नसते. एकाच उत्तराला बसतील असे थरांचे दोन-तीन आराखडे निघू शकतात, म्हणून कुठेतरी खोदून पडताळा घ्यावाच लागतो. काळ्या मातीचा कडकपणा वैशाखात आणि श्रावणात सारखा नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, भूकंप कधी होणार हे या पद्धतीने सांगता येत नाही. अमुक तारखेला धक्का बसणार असा निरोप मोबाइलवर आला, तर तो पाठवणाऱ्याला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही एवढे पक्के समजावे.

पडताळ्याच्या बाबतीत खानदेश श्रीमंत आहे. केळी-कापसासाठी इथे गावोगाव बोअर आणि कूपनलिका झाल्या. रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी शंभर-दोनशे मीटर खोदूनही गाळच लागतो. बोअरच्या गाडीवरचा माणूस काळी माती कुठे संपली, मुरूम किती, मांजऱ्या किती आणि काळा पाषाण कितीवर लागला हे तोंडपाठ सांगतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या नोंदी आहेतच. घणाच्या आलेखाशेजारी या नोंदी ठेवल्या, की चित्र खरे की खोटे ते तिथल्या तिथे कळेल.

पाच लाखांची रेघ

भूकंपाच्या दृष्टीने शहराचे वॉर्डवार नकाशे करण्याच्या कामाला सूक्ष्मक्षेत्रीकरण म्हणतात. १९९७ च्या धक्क्यानंतर जबलपूरला ते झाले. पुढे दिल्ली, गुवाहाटी, बेंगळुरूचे झाले. नंतर केंद्र सरकारने तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या झोनमधली, पाच लाख किंवा त्याहून जास्त वस्तीची ३० शहरे निवडायचे ठरवले.

२०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार होती आणि धुळ्याची सुमारे पावणेचार लाख. दोन्ही शहरे रेघेच्या अलीकडे राहिली. कुठेतरी रेघ मारावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण सहा-सहा मजली इमारती ही आता पाच लाखांच्या शहरांची मक्तेदारी राहिलेली नाही. त्या धुळ्यात आहेत, जळगावात आहेत. जुन्या धाब्याच्या घराला माती जड होती म्हणून धोका होता. नव्या घराला तो खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यामुळे आहे. पिढी बदलली, धोक्याचा प्रकार बदलला.

मोठ्या योजनेची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. सुरुंगांच्या सर्वेक्षणाला देशाच्या पातळीवरची संस्था आणि परदेशी मदत लागली होती. घणाच्या सर्वेक्षणाला एक अभियांत्रिकी महाविद्यालय, एक भूशास्त्र विभाग आणि महापालिकेची परवानगी पुरते. शाळांची मैदाने, बाजार समितीची आवारे, नदीकाठच्या मोकळ्या जागा, अशी शंभरएक ठिकाणे घेतली तर मध्यम शहराचा पहिला नकाशा उभा राहील. तो बारीक नसेल. तरी मऊ जमिनीवर आणि घट्ट जमिनीवर एकाच आराखड्याच्या इमारतींना एकाच नजरेने परवानगी देणे त्यानंतर अवघड होईल.

पाया किती खोल

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने सोनगीरला रस्त्यालगत घर काढले. खाली चार दुकानांचे गाळे, वर दोन मजले. खड्डे खणायला सुरुवात झाली त्या दिवशी त्याने फोन केला, "नाना, पाया कितला खोल लेवाना?"

मी गेलो. खड्ड्यात उतरून पाहिले. कमरेएवढी काळी माती, मग मुरूम, आणि त्याखाली पहार टणकन वाजली. तो आवाज ऐकून बरे वाटले. त्याला म्हटले, माती पुरती काढ, खडकावर टेक. जमीन तुला दगा देणार नाही, गाळे देतील. पुढची सगळी बाजू शटरला मोकळी आणि वर दोन मजल्यांच्या भिंतींचे ओझे, म्हणजे अहमदाबादचीच रचना. चारपैकी एका गाळ्याच्या जागी भरीव काँक्रीटची भिंत घे, खांबांच्या टोकांना चार-चार इंचांवर रिंग बांध आणि रिंगेचे आकडे आतवर वाकव. एका गाळ्याचे भाडे जाणार म्हणून तो आठ दिवस घुम्यासारखा होता. त्याच्या बायकोने हिशेब करून सांगितले, तीन गाळ्यांत भागेल. भिंत झाली.

त्याच वास्तुशांतीला माझी भाची आली होती. तिचा फ्लॅट धुळ्यात, पांझरेच्या बाजूच्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर. खाली पार्किंग. जेवताना तिने विचारले, "मामा, आमच्या खाली काय आहे?"

पुतण्याला मी खड्ड्यात उतरून उत्तर दिले होते. तिला उत्तर द्यायला माझ्यापाशी खड्डा नव्हता. त्या वसाहतीच्या जागी कधीकाळी नदी फिरली असेल, तर खाली गाळ असेल, किती मीटर ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. मी तिला एवढेच सांगितले, की सोसायटीच्या सभेत दोन गोष्टी मागा. बिल्डरकडचा माती-परीक्षणाचा अहवाल आणि इमारतीचे संरचना आराखडे. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, तळमजल्याचे खांब पुरेसे आहेत का ते विचारा. नसतील तर मध्ये भिंती भरून, खांबांना जाकीट घालून ते बळकट करता येतात.

अहवाल मागितला. एका बोअरचा, सहा मीटर खोलीचा कागद मिळाला. सहा मीटरपर्यंत माती आहे, असे त्यावर लिहिले आहे. त्याखाली काय, हे कळायला जिओफोनची एक ओळ आणि घणाचे दहा-पंधरा ठोके पुरतील. वसाहतीशेजारच्या शाळेचे मैदान पन्नास मीटरहून लांब आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते रिकामे असते. ते एका दिवसासाठी मागायचे, असे आम्ही ठरवले आहे.